अप्रेंटिसशिप की इंजिनिअरिंगची डिग्री?

भाच्याची दहावी झाली. आयटीआय करून अप्रेंटिस व्हावं की डिग्रीच्या मागे लागावं, यात तो अडकलाय.

पैशाचं गणित सरळ आहे. डिग्रीला बारावीनंतर ४ वर्षं फी. अप्रेंटिसला १९६१ च्या कायद्यानं दरमहा विद्यावेतन.

हाताला वळण मात्र कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्येच लागतं. फाउंड्रीतलं कास्टिंग, म्हणजे धातूचा ओतीव भाग, लेथ मशीनला लावायचं, मायक्रोमीटरनं माप घ्यायचं. जॉब, म्हणजे मशीनवरचा तो भाग, कुठं बिघडला ते मिस्त्री जागेवर दाखवतो. वर्गात हे येत नाही, हे मी ठामपणे सांगेन.

बढतीत डिग्री वरचढ. गेट ही प्रवेश परीक्षा आणि एम.टेक. यांची दारं तिच्यानंच उघडतात.

घरी लवकर पैसा हवा, हातकामाची गोडी आहे, त्यानं अप्रेंटिसशिप धरावी. २ वर्षांच्या आयटीआयवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. गणितात रस आणि घरचा आधार असेल, तर डिग्री.