पाणी बाहेर गळतंय की आत?

मे महिन्यात वणी-चंद्रपूर रस्त्यावर कोळशाचा ट्रक गरम झाला की पहिला संशय उन्हावर जातो. पारा ४५ च्या वर असतोच, पण ऊन पाणी पीत नाही. रेडिएटरच्या पाण्याची टाकी रोज रिकामी होत असेल तर पाणी कुठंतरी जातंय.

बाहेरची गळती बरी, ती दिसते. होजच्या (पाण्याच्या रबरी पाइपच्या) क्लिपजवळ पांढरा-हिरवा थर, रेडिएटरच्या जाळीत ओल, वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकातून थेंब. सकाळी गाडी थंड असताना खाली पुठ्ठा टाका, कळतं. खर्चही बेताचा.

आतली गळती मात्र वैताग आणते. जमीन कोरडी, पाणी कमी. थंड इंजिन चालू केलं की रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात, होज लगेच दगडासारखे कडक होतात, डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसतं. बुडबुडे दिसले की मिस्त्री हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलं म्हणून मोकळा होतो. थांबा ना भाऊ! एअर ब्रेकचा कॉम्प्रेसर इंजिनच्याच पाण्यावर थंड होत असेल, तर त्याचं गॅस्केट फुटूनही हवा पाण्यात शिरते. हेड उतरवण्याआधी तो तपासून घ्या. माझं मत विचाराल तर आधी तोच. नव्या गाड्यांत ईजीआर कूलरही बघावा, म्हणजे इंजिनात परत जाणारा धूर पाण्यानं थंड करणारा भाग.

आणि हो, इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. पाणी दाबाखाली असतं, थेट तोंडावर उडतं.