घड्याळ, घन की घर-झाड-माणूस : कोणती चित्रचाचणी कोणासाठी?

घरातील ज्येष्ठांचा विसराळूपणा वयाचा की स्मृतिभ्रंशाचा, हे पाहण्यासाठी डॉक्टर कागद-पेन्सिल पुढे करतात, तेव्हा अनेक नातेवाइकांना तो पोरखेळ वाटतो. तसे मुळीच मानू नये.

मिनी-कॉग चाचणीत तीन शब्द लक्षात ठेवायला सांगतात, मध्ये घड्याळ काढून घेतात आणि मग ते शब्द विचारतात. वेळ सुमारे तीन मिनिटे, एकूण गुण ५. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायची असतात. ‘दहा’ ऐकताच हात दहाच्या आकड्याकडे ओढला जातो आणि तो मोह आवरून मोठा काटा दोनवर नेण्यासाठी मेंदूच्या पुढच्या भागाचे नियंत्रण शाबूत असावे लागते. उजव्या मेंदूला पक्षाघाताने इजा झाली असेल, तर कधी सगळे आकडे उजवीकडेच दाटतात, डावी बाजू कोरी राहते आणि काढणाऱ्याला त्यात काही चुकल्याचे जाणवतही नाही.

२००५ साली प्रसिद्ध झालेली मोका चाचणी सुमारे दहा मिनिटांची, ३० गुणांची. तिच्यात घड्याळाबरोबर घनाची आकृती, आकडे-अक्षरे जोडणारी रेघ, स्मरण आणि भाषाही तपासतात. त्यामुळे, घड्याळ बिनचूक काढणाऱ्या निवृत्त बँक अधिकाऱ्याची सुरुवातीची घसरण पकडायला मी मोकाच निवडेन. मात्र चौथीपर्यंत शिकून लालबागच्या गिरणीत आयुष्य काढलेल्या आजोबांनी घन कधी काढलेलाच नसतो. कमी शिक्षणासाठी मिळणारा एक वाढीव गुण त्यांना पुरत नाही. त्यांच्यासाठी मिनी-कॉग बरी, तीही बाजारहाट, हिशेब आणि नेहमीचा रस्ता यांबद्दल घरच्यांना विचारूनच.

जॉन बक यांची १९४८ची घर-झाड-माणूस चाचणी वेगळ्या जातीची आहे; ती स्मरणाची नव्हे, चित्रांतून मन जाणून घेण्याची. अबोल झालेल्या मुलाशी बोलणे सुरू करायला ती उपयोगी पडते, पण खिडकी नसलेल्या घरावरून नैराश्याचे निदान करण्याइतका तिचा आधार भक्कम नाही. मुलाची काळजी वाटत असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे.

कमी गुण म्हणजे निदान नव्हे. मोतीबिंदू, ऐकू कमी येणे, नैराश्य, थायरॉईड किंवा बी-१२ची कमतरता यांनीही गुण घटतात. मुंबईतील केईएम, नायर किंवा सायन रुग्णालयाच्या ओपीडीत जाताना चष्मा आणि श्रवणयंत्र सोबत न्यावे, चाचणी मराठीतच घेण्याची विनंती करावी आणि आज काढलेल्या घड्याळाची प्रत फाइलमध्ये जपावी, कारण पुढच्या वर्षीचे घड्याळ तिच्याशेजारी ठेवूनच पाहायचे असते.