कूलिंग व्हेस्ट, जळगावच्या उन्हात वर्षभर वापरून : थंड करतं, पण ठिबकतं

चेन तुटली म्हणून लिहायला बसले आहे, नाहीतर कोण एवढं टाइप करतं. साइज, रंग, कापडाचे थर हे सगळं विक्रीच्या पानावर आहे. पाण्यात भिजवायचं, अंगात घालायचं, पाणी उडेल तसं अंग गार होतं. माठाचंच शास्त्र, फक्त माठ ४८०० रुपयांचा.

चेन तुटली तेव्हा एक वर्षाची वॉरंटी अजून शिल्लक होती. कंपनीला फोन केला, फोटो पाठवले. उत्तर आलं, पाण्यामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही.

"अरे दादा, हे पाण्यात बुडवूनच घालायचं असतं ना?"

"हो मॅडम."

"मग?"

"पॉलिसी आहे मॅडम. तुम्ही वापरता कुठे?"

जळगाव म्हटल्यावर त्याने तापमान विचारलं. मी म्हटलं, मे महिन्यात ४५. तो जरा गप्प झाला आणि म्हणाला, "मॅडम, एवढ्या उन्हात नका वापरू." मग काय महाबळेश्वरला जाऊन घालू?

माझं गिऱ्हाईक म्हणून दुखणं थोडं वेगळं आहे. हे व्हेस्ट बहुतेक बाइकवाले आणि कारखान्यातले लोक घेतात. मी पतपेढीत कॅशियर आहे आणि मला एमएस आहे, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस. यात आपलीच प्रतिकारशक्ती मेंदूतल्या आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडते. अंग अर्धा अंश तापलं तरी माझ्या डोळ्यांपुढे धुरकट होतं आणि उजवा पाय फरफटायला लागतो. गार झालं की सगळं जागेवर. उथॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्ये हे पहिल्यांदा टिपलं. त्याला वाटलं श्रमाने होतं; उष्णतेने होतं हे पुढे कळलं. मग निदानासाठी रुग्णाला चक्क गरम पाण्याच्या टबात बसवून बघायचे. एमआरआय आल्यावर ते थांबलं. आपल्याकडे टबाचा खर्च लागलाच नसता. मे महिन्यात भर दुपारी स्टेशनबाहेर रिक्षाची वाट बघत उभं करा, रिपोर्ट तयार. जागतिक एमएस दिवससुद्धा ३० मे. तारीख ठरवणारे उन्हाळ्यात भुसावळला उतरलेले दिसत नाहीत.

आता मुख्य तक्रार. व्हेस्ट ठिबकतं. आतल्या पट्टीवर लिहिलंय, पिळू नका, हलकं दाबा. हलकं दाबलं की वरचं पाणी जातं आणि खालच्या शिवणीत साठलेलं पाणी बरोबर आपण बसल्यावर सुटतं. कुठे सुटतं ते समजून घ्या. एमएसवाल्यांच्या लघवीचा भरवसा आधीच कमी असतो. त्यामुळे खुर्ची ओली दिसली की लोकांना एकच शंका येते, मला दोन संशयित तपासावे लागतात. एसटीत अर्ध्या तिकिटावर बसले होते, तर कंडक्टरने सीटखाली वाकून विचारलं, "ताई, बाटली सांडली का?" इतका सभ्य माणूस! मी हो म्हटलं. आता खरंच हातात एक अर्धी बाटली धरून बसते, पुरावा म्हणून.

नमस्काराचं तर विचारू नका. माझी मान खाली गेली की पाठीतून करंट उतरतो, तोही याच आजाराचा प्रकार. आखाजीला अमळनेरच्या मोठ्या सासूबाईंच्या पाया पडायला वाकले, इकडे करंट, तिकडे व्हेस्टचं पाणी त्यांच्या पायांवर. माझे डोळे करंटने पाणावलेले. माउलींना वाटलं सून पाय धुऊन नमस्कार करते आणि तिला भरूनही आलंय. माझ्या नवऱ्याला त्यानंतर चांगलं सहा महिने "बायको बघ कशी संस्कारी" ऐकावं लागलं.

रंगाचंही सांगते. ऑनलाइन फोटोत राखाडी दिसतं, प्रत्यक्षात खांद्यावर पिवळ्याजर्द चमकत्या पट्ट्या निघतात. अजिंठा चौफुलीवर एका आजोबांनी मला अडवून खड्डे कधी बुजवणार ते विचारलं. मी लंगडत होते, म्हणून पुढे म्हणाले, "बघा, तुम्हीपण पडलात ना त्यात." आमच्या गल्लीत तर लाइट गेली की शेजारणी माझ्याकडेच बघतात.

एप्रिल-मेमध्ये मी याला पाच स्टार देणार होते. आपली हवा कोरडी, त्यामुळे पाणी झपाट्याने उडतं आणि गारवा जोरात लागतो. कंपनी आठ तास म्हणते, इथे दोन-अडीच तासांत व्हेस्ट कडक होऊन पापड. पण तेवढ्यात मी घर ते पतपेढी पायांवर जाते, भिंत धरत नाही, आणि नोटा मोजताना आकडे दुहेरी दिसत नाहीत, हे कॅशियरला महत्त्वाचं. वरून ओढणी गुंडाळू नका, हवा लागली नाही तर काम होत नाही.

जुलैत मत बदललं. पाऊस लागला, हवा दमट झाली आणि पाणी उडेचना. नुसतं ओलं, जड गाठोडं अंगावर. ठिबकणं मात्र चालूच! कोकणातल्या किंवा मुंबईतल्या एमएसवाल्यांनी त्यामुळे हे घेऊ नये, बर्फाच्या पॅकचं येतं ते बघावं. ते महाग असतं आणि जडही असतं. ऑक्टोबरची हीट आली तसं आमचं पुन्हा जमलं.

आता सासूबाईंचा मुद्दा. त्यांचं पहिल्या दिवसापासून एकच पालुपद, ४८०० रुपयांत आयुष्यभराचे पंचे आले असते. म्हणून ९० रुपयांचा पंचा ओला करून खांद्यावर टाकून हिंडून बघितलं. गार वाटतं हो, खोटं कशाला बोलू. पण आपल्या झळांमध्ये पंधरा मिनिटांत वाळतो आणि तो पुन्हा भिजवायला नळ शोधत हिंडण्यात पाय संपतात. दुपारी पतपेढीत पंख्याखाली बसायचं असेल तर पंचा बास. रस्त्यावर व्हेस्ट.

चेन शेवटी टेलरने ६० रुपयांत बदलून दिली. ती जरा घट्ट सरकते आणि माझी बोटं बधिर असतात, म्हणून टोकाला नाडीचा फास बांधून घेतला. कंपनीच्या चेनपेक्षा सोपं पडतं. कंपनीने हे आधीच करायला हवं होतं, असं मी त्यांना लिहिलं. उत्तर आलं, उत्पादनात बदल केल्याने वॉरंटी रद्द झाली आहे.

परवा बिबड्या, म्हणजे आपले ज्वारीचे पापड, घालायच्या दिवशी व्हेस्ट दोरीवरून गायब. गच्चीवर गेले तर सासूबाई लुगड्यावर व्हेस्ट चढवून, नाडी ओढून, खाटेवर बिबड्या पसरतायत. पिवळ्या पट्ट्या लांबून चमकतायत. मी म्हटलं, "आई, ठिबकतंय ते, बिबड्यांवर पडेल."

"बिबड्या ओल्याच र्‍हातस वं माय. तू सावलीमा बठ."

आता दुसरं मागवावं लागणार. बघितलं तर दर ५३०० झालाय. कुणाकडे जुनं, एक्सएल साइजचं पडून असेल तर सांगा. चेन तुटलेली असली तरी चालेल.