जुनी फायबर होडी : आठ महिन्यांच्या वापरानंतर

१४ फुटी फायबर होडी आणि ८ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक ओबीएम (होडीच्या मागे बाहेरून लटकणारं इंजिन), समुद्रकाठच्या वेरावळहून बडोद्याला आणलेलं. दोन्ही मिळून ८५ हजार. वापर चांदोदला नर्मदेत, महिन्यातून दोन-तीनदा. आठ महिन्यांत वर ३१ हजार गेले, त्यातले २० एकट्या मागच्या फळीने खाल्ले.

घेताना सगळे इंजिनाचा आवाज ऐकतात, फळी कोणी ठोकून बघत नाही. ओबीएम जिच्यावर लटकतं ती फळी दिसायला फायबरची, आत मात्र प्लायवूड. बोल्टच्या भोकांत सीलंट नसेल तर तिथूनच पाणी मुरतं. प्लाय कुजत जातं आणि वरचा रंग झकास राहतो. हातोडीच्या लाकडी मुठीने इंचाइंचावर ठोका. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आला की समजून जा. मग ओबीएमचा पाय धरून वर-खाली ढकला. फळी लवली तर दुरुस्तीचे पैसे किमतीतून कापायला लावा. या होडीचा आतला थर कापला तेव्हा प्लायचा ओला भुसा नखाने निघत होता. १८ मिमीचे दोन मरीन प्लाय इपॉक्सीने जोडून बसवले. बोल्टची भोकं मुद्दाम मोठी पाडून इपॉक्सीने भरली, सुकल्यावर त्यातूनच पुन्हा नेमक्या मापाची पाडली. आता लाकडाला पाणी शिवत नाही.

इंजिन त्या मानाने गुणी. गिअर ऑइलचा खालचा स्क्रू सैल करून दोन थेंब बोटावर घ्या : दुधाच्या चहासारखं दिसलं तर सील गेलंय. थंड करणाऱ्या पाण्याची बाहेर पडणारी धार बारीक असेल तर आधी रबरी इम्पेलर (पाणी ओढणारं चक्र) बदला. तरीही बारीकच राहिली, तर आत मीठ धरलंय. वेरावळच्या मालात हे गृहीतच धरा.

पेट्रोल ५ लिटरला १०० मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं ऑइल). पेट्रोलमधलं इथेनॉल ओलावा ओढतं, म्हणून परतताना नळी काढून इंजिन पाण्यातच आपोआप बंद पडू द्यायचं, कार्बोरेटर रिकामा होतो. चांदोदला पाणी धरणातून किती सोडलंय त्यावर खडक वर-खाली. प्रोपेलरच्या शिअर पिना (खडकाला धडकल्यावर स्वतः तुटून इंजिन वाचवणाऱ्या) जवळ दोन तरी हव्यात, सोबत पक्कड. लाइफ जॅकेट माणशी एक, अंगात घातलेलं, पायाखाली ठेवलेलं नव्हे.

नोंदणीची कागदं नसतील तर स्वस्त होडीही घेऊ नका. आणि समुद्रातला जस्ताचा अ‍ॅनोड (इंजिनाऐवजी स्वतः गंजणारा धातूचा तुकडा) गोड्या पाण्यात थर धरून निकामी होतो. आल्या आल्या अ‍ॅल्युमिनियमचा लावून टाका.