मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधीचा सल्ला : एका नेत्रचिकित्सालयाचा अनुभव

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आता करावी की थांबावे, एवढ्याच प्रश्नासाठी आईला एका नेत्रचिकित्सालयात नेले होते. हे परीक्षण शस्त्रक्रियेचे नसून त्याआधी मिळालेल्या सल्ल्याचे आहे, कारण पुढचा सगळा निर्णय त्याच्यावरच उभा राहतो.

तपासणीची सुरुवात अक्षरांच्या तक्त्याने न होता प्रश्नांनी झाली. समोरून येणाऱ्या वाहनांच्या दिव्यांनी डोळे दिपतात का, जिन्याची शेवटची पायरी नीट ओळखू येते का, औषधाच्या पाकिटावरचा मजकूर वाचता येतो का, चश्म्याचा नंबर अलीकडे वारंवार बदलला आहे का, हे सारे डॉक्टरांनी सोबतच्या माणसांना न विचारता आईलाच विचारले आणि तिला सावकाश बोलू दिले. हे मला फार मोलाचे वाटले. भरपूर उजेडात काळीभोर अक्षरे वाचणारी व्यक्ती संध्याकाळच्या अंधूक प्रकाशात चाचपडू शकते, आणि तक्त्यावरून काढलेला नजरेचा ६/९ किंवा ६/१२ हा आकडा तेवढे सांगत नाही. आईला अलीकडे चश्म्याशिवाय वाचता येऊ लागले होते आणि घरात त्याचा आनंदच होता. डोळ्यातल्या नैसर्गिक भिंगाचा मध्यभाग घट्ट होत गेल्यामुळे असे काही काळ घडते आणि तेही मोतीबिंदूचेच लक्षण असते, हे तिथे समजले.

बाहुली मोठी करणारे थेंब घालून स्लिट लॅम्पवर, म्हणजे प्रकाशाची बारीक पट्टी टाकून डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर, भिंग आणि मागचा पडदाही तपासला गेला. पडद्याचाच आजार असेल तर भिंग बदलूनही नजर अपेक्षेइतकी सुधारत नाही, म्हणून ही पायरी गाळणाऱ्या ठिकाणी निर्णय घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोतीबिंदू पिकू द्यावा का, या आईच्या प्रश्नाला मिळालेले उत्तर सविस्तर होते. पूर्वी भिंग सबंध काढून जाड चश्मा द्यावा लागे, त्यामुळे नजर बरीच जाईपर्यंत थांबण्यात अर्थ होता. पण चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये आणलेल्या फेको पद्धतीत श्राव्यातीत ध्वनीने भिंगाचे तुकडे करून ते लहानशा छेदातून ओढून घेतात, आणि भिंग जितके कठीण झालेले असेल तितकी ही ऊर्जा जास्त लागून कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक आवरणाच्या, आतल्या पेशींना इजा होण्याचा धोका वाढतो. त्याच वेळी, रोजची कामे सुरळीत होत असतील तर घाई करण्याचेही कारण नसते, हे त्यांनी तितक्याच ठामपणे सांगितले. भिंग फुगून डोळ्यातला दाब वाढणे किंवा मधुमेही रुग्णाचा पडदा तपासता न येणे, अशा वेळी मात्र रुग्णाला त्रास जाणवत नसला तरी शस्त्रक्रिया करावी लागू शकते. कोणत्याही थेंबांनी मोतीबिंदू विरघळत नाही, हेही त्यांनी न विचारता सांगितले.

कृत्रिम भिंगाची निवड समजावण्याचे काम मात्र समुपदेशकाकडे होते आणि तिथे सेवा उणी पडली. मल्टिफोकल, म्हणजे जवळचे आणि लांबचे दोन्ही दाखवणाऱ्या, भिंगाने चश्म्याची गरज कमी होते, हे अनेकदा सांगितले गेले. रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात, हे आम्ही विचारल्यावरच कळले. चालू औषधांची चौकशीही केवळ छापील अर्जावर होती. प्रोस्टेट ग्रंथीच्या त्रासासाठी टॅम्सुलोसिन हे औषध घेणाऱ्या पुरुषांनी ते शल्यचिकित्सकाला तोंडी सांगावेच, कारण त्या औषधाने शस्त्रक्रियेत बुबुळ सैल पडते आणि औषध थांबवले तरी तो परिणाम राहू शकतो.

आईच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया करावी आणि डाव्याची सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी, असे ठरले आहे. भिंगाबद्दल डॉक्टरांशी बोलण्यासाठी आम्ही वेगळी वेळ मागितली आणि ती तक्रार न करता मिळाली.