लिनक्स मिंट एक्सएफसीई : जुन्या लॅपटॉपवर नऊ महिने, आणि तेही मराठी टायपिंगसाठी

मी घरून मराठी टायपिंगची कामं घेते. लॅपटॉप 2015 चा, पाचव्या जनरेशनचा आय-3, 4 जीबी रॅम. विंडोज 11 ला आठव्या जनरेशनपासून पुढचा इंटेल प्रोसेसर लागतो म्हणजे आपला विषय तिथेच संपला, आणि विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबणार हे आधीच जाहीर झालं होतं. नवा लॅपटॉप घ्यायचे पैसे नव्हते. मग 2025 च्या फेब्रुवारीत 240 जीबीची एसएसडी आणि अजून 4 जीबी रॅम टाकून घेतली आणि लिनक्स मिंट 22.1 स्वतःच बसवलं. मिंट म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, आणि एक्सएफसीई ही तिची जुन्या मशीनला झेपणारी हलकी आवृत्ती.

इन्स्टॉल करणं अवघड नाही, खरंच. आयएसओ (मिंटची इन्स्टॉल करायची फाइल) उतरवली, चेकसम, म्हणजे फाइल पूर्ण उतरली का ते सांगणारा आकडा, जुळवून बघितला (हे टाळू नका, माझी पहिली फाइल अर्धवट उतरली होती), एचर नावाच्या प्रोग्रामने ती पेनड्राइव्हवर लिहिली, एफ-12 दाबून त्यावरून बूट केलं. लाइव्ह सेशनमध्येच, म्हणजे काही इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच मिंट चालवताना, साउंड, टचपॅड, ब्राइटनेस सगळं तपासता येतं, तेव्हाच कळलं की वायफाय दिसत नाहीये. फोन केबलने जोडून त्याचं नेट लॅपटॉपला दिलं (यूएसबी टेदरिंग), इन्स्टॉल झाल्यावर ड्रायव्हर मॅनेजरमध्ये वायफायच्या चिपचा ड्रायव्हर निवडला, रीस्टार्ट, झालं. विंडोज ठेवायचं होतं म्हणून त्याला 120 जीबी दिली. आधी विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर लिनक्समधून ती ड्राइव्ह उघडते पण तिच्यात काही लिहिता येत नाही. आणि विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागे! कारण लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. टर्मिनलमध्ये एक ओळ टाकून लिनक्सलाच स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं.

खरा वेळ गेला तो मराठीत, जवळजवळ पंधरा दिवस, आणि माझ्यासाठी तोच सगळ्यात महत्त्वाचा भाग होता. कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठीचे दोन लेआउट मिळतात, एनहान्स्ड इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठीची सरकारी प्रमाण मांडणी) आणि कगप फोनेटिक (इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावर आधारलेली). माझा हात इनस्क्रिप्टवर बसलेला, त्यामुळे प्रश्न नव्हता, आणि भाषा बदलायला कॅप्स लॉक ठेवलं. आता अंगठा-करंगळीची कसरत नाही, एक बटण दाबलं की मराठी. मी कुठलंही मशीन हातात आलं की पहिल्यांदा ‘दुसऱ्या’ आणि ‘वाऱ्यावर’ लिहून बघते. शिफ्ट जे, डी, मग य आणि काना, आणि ऱ्या बरोब्बर उमटला तेव्हा मला फार बरं वाटलं, कारण ऱ्या च्या जागी र्या छापलेलं पान गिऱ्हाईक परत पाठवतं.

पण लिब्रेऑफिसमध्ये (वर्डसारखा मोफत प्रोग्राम) श आणि ल हिंदी वळणाचे दिसत होते. दोन दिवस मी फाँट बदलत बसले आणि चूक फाँटची नव्हतीच. लोहित देवनागरीत दोन्ही वळणं आहेत, मजकुराची भाषा मराठी आहे हे प्रोग्रामला कळलं तरच तो मराठी वळण घेतो. सेटिंगमध्ये भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट (देवनागरीसारख्या लिप्यांसाठीची सोय) चालू करून तिथे मराठी निवडलं आणि अख्खं पान एका क्षणात आपलं दिसायला लागलं. हे कुणीतरी आधी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं, म्हणून इतकं सविस्तर लिहितेय.

बाकी बदल छोटे आहेत. पॅनेल खालून डावीकडे घेतलं म्हणजे पानाला उंची जास्त मिळते, स्वॉपीनेस (रॅमऐवजी डिस्क किती लवकर वापरायची ते ठरवणारा आकडा) 60 वरून 10 केलं. लिब्रेऑफिस आणि ब्राउझरचे पाच-सहा टॅब उघडे असले तरी मशीन अडखळत नाही.

टाइमशिफ्ट, म्हणजे सिस्टिमची त्या दिवशीची स्थिती (स्नॅपशॉट) जपून ठेवणारा प्रोग्राम, मात्र पहिल्याच दिवशी लावा. मे महिन्यात मी मिंटच्या बाहेरच्या रिपॉझिटरीतून (प्रोग्रामच्या साठ्यातून) एक पॅकेज टाकलं, त्याने दुसरी दहा पॅकेजं बदलली आणि लॉगिननंतर नुसता काळा स्क्रीन. दुसऱ्या दिवशी काम द्यायचं होतं, हातपाय गार पडले. त्याच जुन्या पेनड्राइव्हवरून बूट करून आदल्या दिवशीचा स्नॅपशॉट परत आणला, फायलींना धक्का नाही. सप्टेंबरमध्ये 22.2 आलं तेव्हा आधी स्नॅपशॉट घेतला आणि अपडेट मॅनेजरमधूनच वर गेले, काही बिघडलं नाही. या मालिकेला 2029 पर्यंत अपडेट आहेत.

अडतं कुठे? नवऱ्याचं डिजिटल सहीचं टोकन मला लिनक्सवर चालवता आलं नाही, आणि जुन्या बिगर-युनिकोड फाँटातल्या (तोच फाँट असेल तरच मराठी वाचता येतं अशा) फायली घेऊन येणारी दोन गिऱ्हाइकं आहेत, त्यांची टायपिंगची सॉफ्टवेअरं विंडोजवरच चालतात. एवढ्यासाठी महिन्यातून दोन-तीनदा विंडोज उघडते, तेही नेट बंद ठेवून. त्यातल्या एका काकांना मी आता त्यांची जुनी वंशावळ युनिकोडमध्ये करून देतेय, चाळीस पानं झालीत, साठ राहिलीत.