कंटेनरचं काम सांगून साखरेच्या गोण्या: नवीन ट्रक ड्रायव्हरांनी वाचा

हेवीचं लायसन्स नुकतंच हातात पडलेल्या मुंबईतल्या पोरांसाठी हे लिहितोय. वडाळा ट्रक टर्मिनल, कळंबोलीचं स्टील मार्केट, भिवंडीची गोदामं, सगळीकडे नवीन ड्रायव्हर हेरणारे दलाल फिरत असतात. मला भेटला तो वडाळ्याला. नाव लिहीत नाही, तक्रार कामगार कार्यालयात पडून आहे.

"न्हावा शेवाची लाईन आहे भाऊ. सीलबंद कंटेनर, पोर्टातून सीएफएसला (पोर्टाबाहेरच्या कंटेनर यार्डात) टाकायचा. २२ हजार पगार, खुराकी (रोजचा जेवणखर्च) वेगळी." त्या बदल्यात १५ हजार डिपॉझिट, मूळ लायसन्स आणि सही केलेला कोरा चेक. "लाखोंची गाडी तुझ्या ताब्यात देतोय, शेठला काहीतरी भरवसा नको का?" हे ऐकायला इतकं रास्त वाटतं की शेजारी बसलेल्या माझ्या वडिलांनीही मान डोलावली. डिपॉझिटची पावती म्हणे नंतर मिळेल.

कंटेनर कधी दिसलाच नाही. ट्रेलर वर्कशॉपला आहे, तोवर ही चालव, म्हणून जुनी दहा टायरी दिली. उघडा डाला, म्हणजे माल भरायची मागची बॉडी वरून उघडी. कोल्हापूरकडून साखर भरायची आणि वाशीच्या मार्केटला उतरवायची.

आता नीट लक्ष द्या. पगार बोलल्याप्रमाणेच लावतात, खेळ सगळा कपातीत असतो. आणि कपात कशाकशाची दाखवता येईल हे गाडीत माल कोणता आहे त्यावर ठरतं. कंटेनरच्या आत काय आणि किती भरलंय, ते ड्रायव्हरने मोजलेलं नसतं. सील शाबूत असलं आणि त्याचा नंबर कागदाशी जुळला की मोजणीचं खापर तुमच्यावर फोडणं अवघड जातं. डाल्यात ५० किलोच्या गोण्या असल्या की एकेक गोणी तुमच्या नावावर. मोजणी हमालांची, तीही रात्री आणि पावसात. सही मात्र तुमची. ताडपत्री मालकाची, फाटकी. भिजलेल्या साखरेचे पैसे माझ्या पगारातून.

त्याहून नीच प्रकार पीओडीचा, म्हणजे माल पोचल्याच्या सही-शिक्क्याच्या प्रतीचा. वाशीच्या व्यापाऱ्याने माझ्यासमोर 'माल बरोबर' लिहून शिक्का मारला होता. हिशेबाच्या दिवशी ऑफिसात त्याच प्रतीवर खाली वेगळ्या शाईत 'तीन बॅग शॉर्ट'. आमचा क्लीनर माझ्यापेक्षा वयाने बराच मोठा. कागद हातातून सोडायच्या आधी फोटो काढ, असं तो प्रत्येक वेळी बजावायचा, म्हणून मोबाईलमध्ये त्या शेऱ्याआधीच्या प्रतीचा फोटो होता. तो दाखवला तर शेठ म्हणे, "व्यापाऱ्याने नंतर फोनवर सांगितलं." व्यापाऱ्याच्या गुमास्त्याला जाऊन विचारलं, त्याला गोणी कमी आल्याचा पत्ताच नव्हता.

डिझेलचंही तसंच. ॲव्हरेज लिटरला पाच किलोमीटरचा धरलेला. भरलेली जुनी गाडी खंबाटकीसारख्या घाटातून पाचचा देईल का, हे कुठल्याही मेकॅनिकला विचारा. जितकं डिझेल जास्त लागलं तितकं 'चोरलं' असं धरून कापलं. गाडी मार्केटबाहेर खोटी झाली, म्हणजे माल उतरवायची वाट बघत अडकून पडली, की तिथली खुराकीही नाही. महिनाअखेर वर मलाच देणेकरी ठरवलं, आणि 'उचल' म्हणून वहीत मांडलं.

ओव्हरलोडबद्दल थोडंसं, कारण इथे दंडाचा आकडा मोठा आहे. दहा टायरी तीन ॲक्सलच्या गाडीला २०१८ पासून मालासकट एकूण २८.५ टनांची मर्यादा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड २० हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार. कायदा चालवणाऱ्याला आणि चालवायला लावणाऱ्याला, दोघांनाही धरतो, पण स्टिअरिंगवर तुम्ही सापडता. भरल्यावर वजनकाट्याची पावती स्वतःजवळ ठेवा.

मालाच्या नुकसानीपोटी पगार कापायचा तर ड्रायव्हरचा हलगर्जीपणा दिसावा लागतो आणि त्याला बाजू मांडायची संधी द्यावी लागते, हे पगाराच्या कायद्यात आहे. शेठला ते ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

म्हणून नोकरी बघताना पगाराच्या आधी विचारा: माल कोणता, मोजतो कोण, कमी पडला तर कोणाच्या नावावर. नवख्याला भिवंडीच्या पार्सल लाईनची छोटी गाडी मला बरी वाटते. गोदामातच स्कॅन होऊन माल चढतो, त्याची नोंद राहते. कंटेनर चांगलाच, पण ट्रेलर मागे घेणं आधी कोणाजवळ तरी शिका, आणि पोर्टाच्या रांगेत तासन् तास जातात ते धरून चाला. कळंबोलीच्या कॉइल आणि सळ्यांना पहिल्या वर्षी हात लावू नका. बांधणी चुकली तर ब्रेक मारल्यावर लोखंड केबिनकडे येतं. माहुलचे पेट्रोल-डिझेलचे टँकर तर दूरच, त्याला धोकादायक मालाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण आणि लायसन्सवर तशी नोंद लागते. कोणी "नोंद नंतर करू" म्हणाला तर तिथूनच परत फिरा. गाडीचा नंबर एमपरिवहन ॲपवर टाकून फिटनेस आणि विमा संपलाय का तेही बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

कोरा चेक परत मिळाला नाही, म्हणून बँकेत जाऊन त्याचं पेमेंट थांबवलं. डिपॉझिट अजून शेठकडेच. मूळ लायसन्स पोलीस चौकीत अर्ज दिल्यावर त्याने गुपचूप आणून दिलं. ज्यांचं अडकलंय त्यांना "हरवलं म्हणून डुप्लिकेट काढ" असा सल्ला हमखास मिळेल. तसं करू नका, लायसन्स कुठे आहे हे माहीत असून हरवलं म्हणून लिहून दिलं तर खोटे तुम्ही ठरता. तोवर डिजिलॉकरमधलं लायसन्स रस्त्यावर चालतं. अर्जात लायसन्स कोणी, कधी आणि कशासाठी ठेवून घेतलं ते लिहा, आणि पोच घेतल्याशिवाय चौकीतून उठू नका.